गुप्त खात्यातली बाई

चिंचवड,
१२ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप अण्णांस,

दुर्गेचा वाकून नमस्कार. हा नुसता शाईतला नमस्कार नव्हे. माझे गुडघे आता खरोखर वाकतात. त्याची हकीकत पुढे येईलच.

तुमचे पत्र परवा पोचले. बबनराव मार्गशीर्षातल्या उत्सवाला मोरयाच्या दर्शनासाठी इकडे येऊन गेले, म्हणजे बातमी वाईला पोचल्यावर तुमच्या रागाला मुरायला चांगला महिना मिळाला. मुरलाही उत्तम आहे. 'कुळाला काळिमा' हे शब्द तुम्ही एकाच पानात दोनदा वापरलेत. वडील असते तर दुसऱ्या जागी पर्याय शोधायला लावला असता.

बबनरावांनी तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. तुमची विधवा बहीण पोलिसांच्या गुप्त खात्यात आहे. तिच्यामुळे कारखान्याचा एक साहेब तुरुंगात गेला. आणि एक परका पुरुष दर गुरुवारी तिच्याकडे येतो. म्हणून पहिल्या एस.टी.ने बोचके बांधून कायमची वाईला निघून ये, नाहीतर आपला संबंध संपला, असा तुमचा हुकूम आहे. या तिन्हींतली एकच गोष्ट खरी आहे. कोणती ते क्रमाने कळेल. पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे; ती एवढ्या पत्रापुरती आवरावी.

आधी तब्येतीचे. वहिनींना सकाळी उठावेसे वाटत नाही आणि तुम्हाला अन्न पचत नाही, हे तुम्ही रागातून सवड काढून शेवटच्या ओळीत लिहिले आहे. गेल्या उन्हाळ्यात माझीही तीच गत होती. खोलीतून शाळेत, शाळेतून खोलीत. गुडघे धरले म्हणून पुण्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गुडघे दाबले, जीभ पाहिली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही चालत नाही, कोणाशी बोलत नाही, आणि हसायचे झाले तर आधी अर्ज मागाल असे दिसते. मी औषध कशावर देऊ?" मला फार राग आला. परतताना गाडीत लक्षात आले की त्यांच्या बोलण्यात चूक काढता येत नाही.

तेव्हा स्वतःला दुरुस्त करायला घेतले. इतकी वर्षे लोकांच्या मुली दुरुस्त केल्या, हत्यारे हाताशी होतीच. उजाडता उजाडता रेल्वेच्या कडेने कासारवाडीच्या दिशेला चालत जायचे. वाटेत रोज एका अनोळखी माणसाला नाव-गाव विचारायचे, आणि तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐकायचे. दुपारपर्यंत कोणाचे व्याकरण सुधारायचे नाही. हे फार जड गेले. सुरुवातीला मुख्याध्यापकांच्या सूचनाफलकापुढून मी डोळे मिटून जात असे. आणि एक नियम वहिनींना मुद्दाम वाचून दाखवा: जे शिकताना आपण हास्यास्पद दिसू, असे काहीतरी शिकायला घ्यायचे. हसे होण्याची भीती गेली की निम्मे पित्त जाते, असे माझे मत झाले आहे.

मी सायकल शिकले.

आता घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा. पवनेच्या काठी मोकळे मैदान आहे, तिथे शिकले. दोनदा बाभळीत पडले, एकदा एका गाढवावर. गाढवाने समजूतदारपणा दाखवला. सायकल यशवंतराव सोळंके यांची. हे गृहस्थ पिंपरीच्या अंगाला झालेल्या नव्या यंत्रकारखान्यात कोठार सांभाळतात, राहतात काळेवाडीत, मूळचे बीडकडचे. रेल्वे फाटकाशी मी त्यांना नाव-गाव विचारले, तर म्हणाले, "बाई, परवा पण विचारलं होतं की. तेच नाव हाय अजून." त्यांच्याविषयी तूर्त एवढे पुरे.

आता कारखान्याचे प्रकरण. दिवाळीनंतर एके दिवशी कासारवाडीच्या फाटकापाशी कडब्याने भरलेला एक ट्रक मोडून कलंडला. पेंढ्या रस्त्यावर आल्या. जवळच गावातली एक म्हैस चरत होती. आयता कडबा बघून ती पुढे झाली आणि शांतपणे खात राहिली. तिने वरचा थर संपवला तेव्हा खाली तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि पितळी नळ्या चकाकल्या. सगळा माल कारखान्याचा. चौकशीत एक दुय्यम साहेब आणि एक ठेकेदार धरले गेले. साहेबांच्या सांगण्यावरून ज्यांनी माल चढवला, त्या दोघा हमालांनाही घरी बसवले.

एवढीच गोष्ट. पण फौजदारांना कोणीतरी विचारले, "तुम्हाला कळलं कसं?" म्हशीचे नाव सांगणे त्यांच्या टोपीला शोभले नसते. ते म्हणाले, "आम्हाला वरून खबर होती."

अण्णा, या 'वरून' शब्दाने गावात जे माजवले ते काय सांगू! चहाच्या दुकानात तांबे पहिल्या दिवशी मुंबईला चालले होते, आठवड्याने कराचीला, आणि पौष उजाडेपर्यंत परक्या देशाच्या तोफखान्यात जाऊन पोचले. दिल्लीच्या गुप्त खात्याने इथे माणूस पेरला होता याबद्दल दुमत उरले नाही. प्रश्न एवढाच की तो माणूस कोण.

पुरावा तर माझ्याविरुद्ध भक्कम होता. मी चालते ती वाट कारखान्याच्या कुंपणाला लागून जाते. मी येणाऱ्याजाणाऱ्याला नाव-गाव विचारते. शिवाय सायकलवर तोंडाने काही चालू असले म्हणजे माझे पाय घाबरत नाहीत, म्हणून मी मोठ्याने संस्कृत धातूंची रूपे म्हणत असे. गोजाबाई भाजीवालीने शपथेवर सांगितले की बाई तारायंत्राची भाषा बोलते. आणि दरमहा तुम्हाला येणारे माझे जाड पाकीट वाईमार्गे दिल्लीला जाते, असेही ठरले. म्हणजे तुम्हीही खात्यात आहात. अभिनंदन. पूर्वीचे राजे भिक्षुणींना हेर नेमत असत, हे मला परकरात असताना तुम्हीच शिकवले होते. ते इतक्या उशिरा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

खरे सांगू? मला मजा आली. वाण्याचे माप भरू लागले. एस.टी.चा कंडक्टर माझ्यासाठी गाडी थांबवू लागला. एरवी समोरून गेले तर अपशकुन झाल्यासारखे तोंड फिरवणारी मंडळी "नमस्कार बाई" म्हणू लागली. आणि शाळेच्या चालक मंडळाने माझे 'कायम' होण्याचे प्रकरण, जे बाईमाणूस, त्यातून विधवा, कधीही माहेरी जाईल या कारणाने वर्षानुवर्षे पुढे ढकलले होते, ते आपणहून जानेवारीच्या बैठकीपुढे घेतले. कायम झाले की कोणी काढू शकत नाही, आणि कोणी 'परत ये' म्हणून बोलावूही शकत नाही. हे वाक्य तुम्हाला लागेल. लागू दे.

म्हणून मी गप्प राहिले. खोटे बोलले नाही. विचारले की नुसती हसत असे, आणि नव्याने हसू लागलेल्या माणसाचे हसणे फार गूढ दिसते.

काल इथपर्यंत लिहिले आणि वह्या तपासायच्या म्हणून थांबले. खरे तर वह्या नव्हत्या. पुढचे कसे लिहावे ते सुचत नव्हते. आता सरळच लिहिते.

मी राहते त्या घराच्या मालकीण मंजुळाबाई. त्यांचे यजमान मालोजी त्याच कारखान्यात फिटर आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला मंजुळाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या सोळंक्याचं काय खरं न्हाई."

"माझ्या का म्हणता?"

"बरं, गावाच्या म्हनते. त्याच्या शेजारी कुनी डबा सोडत न्हाई. परवा सायकलीचं दोनी टायर फाडलं."

"कोणी?"

"कुनी का आसंना. लोक म्हनत्यात, ह्यो गुरवारी बाईला आतल्या बातम्या पुरवीतो. हमालांच्या पोटावर पाय ह्यानंच दिला."

"आणि मालोजी काय म्हणतात?"

"त्ये बी उठून दुसरीकडं बसत्यात," मंजुळाबाई म्हणाल्या. मग एक खडा फेकत, "त्यास्नी बी वाईट वाटतंय. पर सगळ्यांत ऱ्हायाचं असतंय ना, बाई."

गुरुवार म्हणजे कारखान्याची सुट्टी. यशवंतराव नेहमीसारखे आले, सायकल भिंतीला टेकवून पायरीवर बसले. ते खोलीत कधी येत नाहीत. पायरीवर बसतात, दार उघडे असते, आणि मंजुळाबाईंना सगळे ऐकू जाते. हे बबनरावांना कोणी सांगितले नसावे. टायर नवे होते.

मी विचारले, "तुमच्याबरोबर कोणी जेवत नाही, हे खरं का?"

"एकट्यानं खाल्लं की भाजी पुरते," ते म्हणाले.

"थट्टा नको. मला का सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करणार होतात? तुम्ही शीआयडीच्या नाहीत म्हणलं की लोक विचारतील, मग हा गडी येतो कशाला? त्याचं उत्तर दिलं की तुमचं कायम व्हायचं राहिलं." मग चप्पल खाली आपटून माती झाडत म्हणाले, "तो कागद पडू द्या तुमच्या हातात. तवर खातो मी एकटा. त्यात काय एवढं."

अण्णा, मी तेव्हा सायकलवर नव्हते, तरी माझा तोल गेला. हा माणूस शिकवताना एकच सांगत असे, "खाली कशाला बघायलात? समोर बघा." आणि मी महिनाभर मजेत खाली बघत होते. वाण्याचे माप मोजत होते.

बैठक शाळेतच झाली. अध्यक्ष नानासाहेब, इथले जुने पाटील, जमीन पुष्कळ, मिशा त्याहून पुष्कळ. त्यांनी मला खुर्ची दिली. मंडळापुढे आजवर मी उभीच असे.

"बाई," ते म्हणाले, "कायम करायला कुनाची हरकत न्हाई. फकस्त मोकळेपनानं सांगा, दिल्लीला कळवता का मुंबईला? न्हाई, आमाला आपलं ठाऊक आसावं."

मी म्हणाले, "नानासाहेब, मी कोणालाच कळवत नाही. ट्रक म्हशीने पकडला."

"बराबर हाय. आसंच सांगायचं आसतं."

"मी खरं सांगते आहे. यशवंतराव सोळंके माझ्याकडे येतात ते बातम्या घेऊन नाही."

"मंग?"

"आम्ही लग्न करणार आहोत."

एक सभासद खिडकी लावायला उठले. ती लावलेलीच होती. नानासाहेबांच्या चेहऱ्यावर संताप येईल म्हणून मी जी तयारी केली होती ती सगळी फुकट गेली. तिथे कौतुक आले.

"वा!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "काय झाकन शोधून काढलंय खात्यानं!"

मी आयुष्यात बैठकीत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटले, "झाकण नाही, नानासाहेब! तो माणूस तिकडे एकटा जेवतो आहे. त्याने कोणाची चुगली केली नाही. त्याचा दोष एवढाच, की एका विधवेला त्याने सायकल शिकवली आणि मग विचारले, पुढे एकत्र चालायचे का. मी हो म्हटले. पुण्याला रजिस्ट्रारच्या कचेरीत आमची नोटीस भिंतीवर लावलेली आहे, कोणीही जाऊन वाचावी. तीन साक्षीदार लागतात. मंजुळाबाई आणि मालोजी यांना मी आज विचारणार आहे. तिसरे तुम्ही या."

गंमत बघा, सगळे गाव गुपित शोधत फिरत होते आणि गुपित सरकारी भिंतीवर टाचणीने लावलेले होते.

"म्या सही करायची?" नानासाहेब म्हणाले.

"हो."

"आन् उद्या तुमी खरंच शीआयडी निगाला तर?"

"तर तुमची सही देशाच्या कामी आली असं होईल."

आधी त्यांच्या मिशा हलू लागल्या. मग असे हसले की पलीकडच्या वर्गातल्या मुली दाराशी आल्या. कायम मात्र केले नाही. "दोन पावलं एकदम नको बाई, मंडळी बिचकत्यात," म्हणाले, आणि पुन्हा एका वर्षाची मुदत दिली. खुर्ची परत मागितली नाही, एवढी सुधारणा.

मालोजींना विचारले, तर ते खाली मान घालून नुसते हो म्हणाले. लग्न जानेवारीच्या अखेरीला झाले. मंजुळाबाईंनी अंगठा उठवला, मालोजींनी अक्षर लावून लावून सही केली, नानासाहेबांनी असा फर्डा फराटा ओढला की कारकुनाने दौत मागे घेतली. परत आल्यावर ते थेट चहाच्या दुकानात गेले आणि सांगून आले, "बाई शीआयडीची न्हाई. म्या सही केलीया." म्हशीच्या साक्षीवर ज्यांचा विश्वास बसला नाही, त्यांचा नानासाहेबांच्या सहीवर बसला. दुसऱ्या दिवशी मालोजींनी कारखान्यात आपला डबा यशवंतरावांच्या शेजारी नेऊन सोडला आणि ठेच्याचा गोळा त्यांच्या भाकरीवर ठेवला. मग हळूहळू बाकीचे सरकत आले. घरी येऊन यशवंतराव म्हणाले, "आता भाजी पुरत नाही." त्या दोघा हमालांसाठी कामगारांचा अर्ज मी लिहून दिला आहे. भाषा कडक आहे, निकाल यायचा आहे.

वाण्याचे माप पूर्ववत झाले. काही बायकांनी पुन्हा तोंड फिरवायला सुरुवात केली. पण रथसप्तमीला मंजुळाबाई माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "हळदीकुकवाला या." इतकी वर्षे त्या दिवशी मी दार लोटून वाचत बसे, त्यांना संकोच नको म्हणून. त्यांच्या घरात गेले, पाटावर बसले. त्यांनी बोट पुढे केले तेव्हा माझी मान आपोआप मागे गेली. त्या म्हणाल्या, "आवो, हलू नका, वाकडं लागंल." यापुढचे लिहीत नाही. तुम्ही समजून घ्याल, किंवा वहिनी समजावतील.

तुम्हाला आधी का विचारले नाही, असे तुम्ही विचाराल. विचारले असते तर तुम्ही नाही म्हटले असते. तुमचा शब्द मोडायची मला सवय नाही, आणि या वयात लावून घेण्याइतकी ती चांगलीही नाही. म्हणून विचारलेच नाही. गोत्र म्हणाल, तर यशवंतरावांना ते आठवत नाही, आणि माझे त्यावाचून अडले नाही. जातीचे तुम्ही आडनावावरून ताडलेच असेल. वडिलांनी तुमच्याबरोबर मलाही पाटावर बसवून शिकवले, तेव्हाही गावाने काळिमाच पाहिला होता. आणि तेव्हा दारात उभे राहून "माझी बहीण शिकणारच" असे सांगणारा मुलगा मला अजून आठवतो. त्याला हे पत्र आधी वाचायला द्यावे.

तर मी वाईला येत नाही. म्हणजे कायमची येत नाही. चैत्रात दोघे येऊ. बोलावलेत तर घरी, नाहीतर कृष्णेच्या घाटावर दशम्या खाऊन परतू. तुमच्यावर राग नाही. मी इथे सुखात आहे, अण्णा. सकाळी दोघे चालायला जातो. ते पुढे, मी मागे, कारण ते भराभर चालतात आणि मी अजून अनोळखी माणसांना नाव-गाव विचारते.

वहिनींना उद्यापासून पहाटे नदीपर्यंत चालायला न्या. तुम्ही दुपारपर्यंत कोणाची चूक काढू नका. आणि हास्यास्पद दिसायच्या नियमासाठी तुम्हाला सायकल सांगत नाही. पहिला दिवस म्हणून हलकेच काम देते. इतकी वर्षे तुम्ही माझ्या पाकिटावर तुमच्या त्या वळणदार अक्षरात 'गं. भा.' लिहीत आलात. हात त्याच वळणाने जाईल. तो तिथे थांबवावा, आणि खाली सहीत केले आहे तसे एकच अक्षर लिहावे. सुरुवातीला वाकडे येईल. मलाही आता लिहिताना आले.

तुमच्या उत्तराचे पाकीट मी आधी बाहेरून वाचीन.

तुमचीच धाकटी बहीण,
सौ. दुर्गा